सहा मजल्यांची मुलाखत

प्राजक्ता सोसायटीचे सेक्रेटरी प्रदीपराव सहा जिने चढून कृष्णाबाईंच्या दारात पोचले, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. जुनी लिफ्ट काढून नवी बसवायला चार महिने लागले होते आणि त्या चार महिन्यांत सोसायटीतल्या एकूण एक गुडघ्याने सेक्रेटरींचा उद्धार केला होता. खुर्चीत बसून दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर ते म्हणाले, "रविवारी नव्या लिफ्टचं उद्घाटन आहे. फीत तुमच्या सूनबाईंनी कापायची. कमिटीत एकमतानं ठरलंय."

सूनबाई तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसली होती. समोर मिक्सर उघडा पडला होता आणि हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तिने तिथूनच मान वळवली.

"फीत मंगशी कापू. आदी मना मशीन बगू द्या. वर जाऊन उगरून बगतंय."

"छे छे, नातेलाताई, तुम्ही कशाला हात काळे करता? ते बघायला कंपनीचा माणूस आहे ना. तुम्ही फक्त फीत कापायची आणि हसायचं. फोटो छान येतील."

नातेला बातुमीची. बातुमी जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठी. पनवेलमध्ये मात्र जॉर्जिया म्हणजे अमेरिका असंच सगळे धरून चालत आणि ती ते दर वेळी दुरुस्त करत बसे. बातुमीत तिने बारा वर्षं लिफ्टची इंजिनीअर म्हणून काम केलं होतं. कृष्णाबाईंचा मुलगा कल्पेश मालवाहू जहाजावर नोकरीला. बातुमीच्या बंदरातल्या कचेरीत तो एकदा लिफ्टमध्ये अडकला, हिने त्याला बाहेर काढलं, आणि त्यानंतर तो त्या बंदरात गेला की चांगल्या चालणाऱ्या लिफ्टमध्येसुद्धा अडकायला लागला. लग्नात भटजींनी ताटातल्या तांदळावर तिचं नाव 'आभा' असं लिहायला लावलं. पण आभा म्हणून हाक मारली तर ती वळून बघायची नाही, म्हणून आठवड्याभरात ती पुन्हा नातेला झाली.

कल्पेश वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यामुळे नातेला मराठी शिकली ती सासूकडून, आणि सासू खाडीकाठच्या गव्हाणची, 'ड'ला 'र' आणि 'ळ'ला 'ल' म्हणणारी. चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली. परिणामी सोसायटीतल्या बायका एकमेकींशी हिंदी-इंग्रजीत बोलत असताना सोनेरी केसांची ही बाई मध्येच "आमी नाय बा असला खात" असं बोलायची आणि लिफ्टवाचून जिने चढणाऱ्या बायका कठडा धरून हसायच्या.

तिला कामाची परवानगी होती. काम नव्हतं. दोन वर्षांत तिने लिफ्टच्या अकरा कंपन्यांना अर्ज केले. एकाने सांगितलं, प्रमाणपत्राचं भाषांतर आणा. ते आणलं तर दुसऱ्याने सांगितलं, तिथली पदवी इथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची ते लिहून आणा. ते आणायला चौदा महिने गेले, आणि ते आल्यावर तिसरा म्हणाला, इथला अनुभव कुठाय? इथला अनुभव इथे काम केल्याशिवाय मिळत नाही, आणि इथला अनुभव असल्याशिवाय इथे काम मिळत नाही. हा हिशोब तिला जॉर्जियन, रशियन आणि गव्हाणची मराठी अशा तिन्ही भाषांत मांडून बघूनही सुटला नव्हता.

बाकी नोकऱ्या मात्र तिच्या मागे लागल्या होत्या. इंग्रजी संभाषणाच्या क्लासवाल्याने तिला बोलावलं. तिचं इंग्रजी त्याच्या विद्यार्थ्यांपेक्षा कच्चं होतं, पण तो म्हणाला, चालेल, तुम्ही फक्त बोर्डाजवळ उभ्या राहा. एका मंगल कार्यालयाला ती दारात गुलाबपाणी शिंपडायला हवी होती. उलव्याच्या एका बिल्डरने तर कमालच केली. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये तिने रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खिडकीत बसून कॉफी प्यायची, म्हणजे फ्लॅट बघायला येणाऱ्यांना विमानतळ जवळ असल्यासारखं वाटेल, अशी त्याची योजना होती. पगार चांगला होता. नातेला विचारून आली, "बिल्डिंगला लिफ्ट किती हायेत?" आणि दोन आहेत म्हटल्यावर त्या बघायला मागितल्या. तेव्हापासून त्याचा फोन नाही.

आणि गेल्या मंगळवारी बातुमीच्या जुन्या कंपनीचं पत्र आलं. हुद्दा वाढवून परत घ्यायला तयार होते. उत्तर पुढच्या सोमवारपर्यंत हवं होतं. कल्पेशने जहाजावरून फोन करून सांगितलं, तुला हवं ते कर, मी बातुमीलाही तेवढाच घरी असेन. ते खरंच होतं. कृष्णाबाईंची गोष्ट वेगळी होती. गव्हाणची जमीन गेली, त्या सहाव्या मजल्यावर आल्या, आणि भरती-ओहोटी, वारा, कोणत्या दिवशी कोणती मासळी, हे सगळं ज्ञान पनवेलच्या फ्लॅटमध्ये शून्य किमतीचं झालं. पहिली दोन वर्षं त्या गॅलरीत नुसत्या बसून होत्या. मग ही आली. हिला सगळं विचारायचं असायचं आणि यांना सगळं सांगायचं असायचं. ती गेली तर पुन्हा ती गॅलरी, हा विचार मंगळवारपासून त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

म्हणून त्यांनी प्रदीपरावांना एकच प्रश्न विचारला. "लिफ्टवाला शेट येनार हाय काय?"

"महादेवशेठ? येणार म्हणजे, नारळ तेच फोडणार."

महादेवशेठ लिफ्ट कंपनीचे मालक, आणि त्यांना नातेलाचे तीन अर्ज गेले होते. तिन्हींचं उत्तर नव्हतं. प्रदीपराव गेल्यावर कृष्णाबाईंनी सुनेला जवळ बसवलं.

"तुझ्या कागदांची फाईल पदराखाली घे."

"मी ड्रेस घालनार हाय."

"मंग माझ्या पदराखाली ठेवू. शेट लिफ्टमदी आला का फाईल त्याच्या हातात द्यायची. दार लागल्यावर पलून कुटं जाईल?"

"आये, सा माले म्हंजे बावीस सेकंद."

"बावीस सेकंदांत मी पापलेट इकलेत," कृष्णाबाई म्हणाल्या.

रविवारी प्राजक्ता सोसायटी नटली होती. लिफ्टच्या दाराला झेंडूचं तोरण, आतल्या आरशाला हळदीकुंकवाचं स्वस्तिक, बटणांच्या पट्टीवरही कुंकवाची पाच बोटं. महादेवशेठ पांढऱ्या सफारीत आले. उकाडा होता, म्हणून कमिटीने त्यांना लागोपाठ तीन पेले कोकम सरबत पाजलं. त्यांचा फोन सारखा वाजत होता. तक्रारी घेणारी मुलगी नोकरी सोडून गेल्यापासून गिऱ्हाइकं थेट मालकालाच गाठत होती.

नातेलाने फीत कापली, हसली, फोटो छान आले. भटजींनी लिफ्टच्या उंबऱ्यावर अक्षता टाकल्या. लिफ्टचा उंबरा म्हणजे लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीतल्या खाचेतून दार सरकतं. शेठनी नारळ हातात घेतला, कपाळाला लावला आणि त्याच पट्टीवर फोडायला वाकले.

"शेट, थितं नको," नातेला पुढे होऊन म्हणाली. "खाचेत जाईल. बाहेर फोरा."

शेठ कौतुकाने हसले. "इंडियन कल्चर, मॅडम. उंबऱ्यावरच फोडायचा असतो." आणि त्यांनी तो असा दणक्यात फोडला की पाणी भटजींच्या धोतरावर आणि करवंटीचे तुकडे चारी दिशांना उडाले. टाळ्या पडल्या.

पहिल्या फेरीत शेठ, प्रदीपराव, नातेला आणि पदराखाली फाईल घेतलेल्या कृष्णाबाई चढल्या. दार लागलं. जरा कुरकुरलं, पण लागलं. लिफ्ट निघाली. पहिल्या मजल्यापर्यंत कृष्णाबाई पदराची गाठ सोडत होत्या. दुसऱ्यापर्यंत फाईल बाहेर आली. तिसरा गेला, दारातून कडकन आवाज आला, आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध उभी राहिली.

प्रदीपरावांनी आधी सहाचं बटण दाबलं, मग तळमजल्याचं, मग सगळी. शेठ शांत होते. "काही नाही. सॉफ्टवेअर असतं नवीन. सेटल व्हायला वेळ लागतो."

"सॉफ्टवेअर नाय. नारल हाय," नातेला म्हणाली. ती खाली बसून खाचेत बघत होती. "करवंटीचा तुकरा. दार जरा उगरं ऱ्हायलं, म्हून सेफ्टीनं थांबवली. लिफ्ट चांगली हाय. मी कारतंय."

"हात लावायचा नाही," शेठ एकदम कडक झाले. "कंपनीबाहेरच्या माणसानं हात लावला की वॉरंटी संपली. करारात लिहिलंय."

वॉरंटीचं नाव ऐकताच प्रदीपरावही घाबरले. "नातेलाताई, प्लीज. चार महिने शिव्या खाल्ल्यात मी."

नातेला दोन्ही हात मागे घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. शेठनी त्यांच्या मेकॅनिकला फोन लावला. भरत नाव त्याचं. तो उरणच्या बाजूला गेला होता.

"जासईला आहे शेठ. पुढे कंटेनरची रांग आहे, हलतच नाहीये. तास तरी लागेल."

तास म्हटल्यावर शेठना आपल्या पोटातल्या तीन पेल्यांची पहिल्यांदा जाणीव झाली. कृष्णाबाईंना मात्र देव पावला. बावीस सेकंदांचा तास झाला होता. त्यांनी फाईल शेठच्या हातात ठेवली आणि आरशाला टेकून ऐसपैस बसल्या. "वाचा आता. लाईट हाय, पंखा हाय."

बाहेर तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, पेढे वाटायला सुरुवात करू का? प्रदीपरावांनी हताशपणे सांगितलं, करा.

शेठना फाईल उघडावी लागली. पहिल्याच पानावरची अक्षरं बघून ते म्हणाले, "हे काय, वेलबुट्टी आहे?"

"आमची लिपी. मागं इंग्रजीत हाय."

शेठनी मागचं वाचलं. त्यामागचं वाचलं. बातुमीच्या चाळीस मजली इमारतीतल्या लिफ्टचे फोटो बघितले. चेहऱ्यावर कौतुक उमटलं आणि लगेच सावध झालं. "मॅडम, तुमचं क्वालिफिकेशन टॉप आहे. पण आम्हाला इथला अनुभव लागतो."

"बारा वरसं काम केलंय."

"तिथं. इथली लिफ्ट वेगळी."

"कशी येगली? वर जाते, खाली येते."

"इथले लोक वेगळे. त्यांची वापरायची पद्धत वेगळी. बाहेरच्या माणसाला नाही लक्षात येत."

नातेलाने खाचेतल्या तुकड्याकडे बघितलं. "पद्दत मी आत चरायच्या आदीच सांगितली होती शेट."

प्रदीपराव छताकडे बघू लागले. शेठनी रुमालाने घाम पुसला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद. पुन्हा वाजला.

"कोन हाय?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"उलव्याचे दयाराम म्हणून आहेत. चौदाव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट दोन मिनिटं उशिरा आली तरी फोन. तीन मुली त्यांच्यापायी नोकरी सोडून गेल्या. मावशी, अहो, काय करताय?"

कृष्णाबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून कानाला लावलाही होता. पलीकडून आलेला मारा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मासळी बाजारात सकाळी नऊ वाजता उभं राहिलेल्या माणसाला फोनवरच्या ओरड्याचं काय.

"झालं बोलून? आता आयका. शेट लिफ्टमदी अरकलाय. हां, स्वताच्याच. मी पन संगतीच हाय. नाय, खोटा कशाला बोलू? आयका घंटा वाजवतंय." त्यांनी घंटेचं बटण दाबून फोन त्याच्याजवळ धरला. "आयकली? मंग. तुमी कुटं अरकलाय? घरातच ना? पंख्याखाली? मंग आमच्यापेक्षा बरे हाव. जेवलाव काय? काय केलं? कालवन? बोंबील ताजं होतं काय सुकं?"

बोंबलांवर सात मिनिटं झाली. उलव्यात ताजे कुठे मिळतात, आणि विकणारी कशी फसवते, हे कृष्णाबाईंनी दयारामांना सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुमची लिफ्ट उद्या बगतो. कोन म्हंजे? आमची मानसं. ठेवा आता, शेटला घाई लागलीय." आणि फोन शेठच्या हातात दिला.

शेठ फोनकडे बघत राहिले. "त्यांनी ठेवला? शिवी न देता?"

"मना जेवाया या बोलले."

महादेवशेठ धंदेवाईक माणूस होते. अडकलेल्या लिफ्टमध्ये, भरल्या पोटीही, त्यांना फायदा दिसायचा तो दिसलाच. "मावशी, तुम्ही आमच्याकडे येता का? फक्त फोन घ्यायचे. खुर्ची, पंखा, चहा. तक्रार अधिकारी करतो तुम्हाला."

प्रदीपरावांनी नातेलाकडे बघितलं. नातेलाने फाईलकडे. बारा वर्षांचा अनुभव कोपऱ्यात उभा होता आणि सहासष्ट वर्षांच्या सासूला, अर्जही न करता, नोकरी लागत होती. नातेलाला राग यायला हवा होता, पण सासूच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की तो आलाच नाही.

"मी शेटची अधिकारी?" कृष्णाबाईंनी खात्री करून घेतली.

"अधिकारी."

"पन माझी शाला चौथी. तक्रार लिवायला, मशीन समजून घ्यायला हाताखाली मानूस लागंल."

"ठेवा की. तुम्हाला पाहिजे तो ठेवा," शेठ घाईने म्हणाले. त्यांचं एक पाऊल आता दुसऱ्या पावलावर आलं होतं.

"माझ्या मर्जीनं?"

"तुमच्या मर्जीनं. शब्द दिला. प्रदीपराव साक्षीदार."

"ठेवला," कृष्णाबाई म्हणाल्या आणि सुनेकडे बोट केलं. "ही. आता ही कंपनीची झाली ना शेट? आता हिनं हात लावला तर वारंटी जाईल?"

शेठनी तोंड उघडलं. नाही म्हणावं तर शब्द जात होता. विचार करतो म्हणावं तर तेवढी उसंत पोटात नव्हती. जासईहून भरतचा फोन आला, कंटेनर अजून तिथेच होते. त्या फोनने निकाल लावला.

"काढा," शेठ कळवळून म्हणाले. "काढा तो नारळ."

नातेलाने सासूच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, खाचेत घातला, दोनदा हलवला. कुंकू लागलेला करवंटीचा तुकडा आणि मूठभर अक्षता बाहेर आल्या. दार पूर्ण लागलं, लिफ्ट निघाली, आणि सहाव्या मजल्यावर दार उघडताच महादेवशेठ कोणालाही न विचारता कृष्णाबाईंच्या घरात, आणि घरातून थेट न्हाणीघराच्या बाजूला गेले.

खाली सोसायटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तासाभराने भरत घामाघूम होऊन फाटकातून आत आला, तेव्हा लिफ्ट सुरू झाल्याचं श्रेय आपोआप त्याच्याकडे गेलं. शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा पुडा देऊन त्याचा सत्कार झाला. मी काहीच केलं नाही, असं तो तीनदा म्हणाला. त्याच्या विनयाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

नेमणुकीची पत्रं सोमवारी सकाळीच भरत घेऊन आला. शेठ शब्दाला पक्के, पण नियमालाही पक्के. कृष्णाबाईंच्या पत्रावर 'तक्रार अधिकारी' होतं. नातेलाच्या पत्रावर 'तक्रार अधिकाऱ्यांच्या मदतनीस' होतं, आणि खाली लिहिलं होतं की एक वर्षाचा इथला अनुभव झाल्यावर इंजिनीअर पदाचा विचार करण्यात येईल.

संध्याकाळी बातुमीहून फोन आला. नातेला गॅलरीत उभी राहून तिच्या भाषेत बोलत होती. आत कृष्णाबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून त्या सुनेची पाठ वाचत होत्या. पाठ एकदा हसली, एकदा ताठ झाली. मदतनिसाची नोकरी ही काय नोकरी, हे त्यांनाही समजत होतं. तिथे हुद्दा होता, मान होता. ही शहाणी असेल तर जाईल, आणि ही शहाणी आहे, हेच वाईट होतं.

नातेला आत आली आणि समोर बसून कोळंबी सोलू लागली.

"काय बोललीस?" कृष्णाबाईंनी वर न बघता विचारलं.

"नाय येत बोलले. इथं काम लागलं."

"मंग?"

"साहेब हसला. बोलला, बारा वरसांची इंजिनेर, मदतनीस झालीस? कोनाची?"

"मंग तू?"

"बोलले, सासूची. मंग हसायचा थांबला. बोलला, तसा असंल तर कठीन काम हाय."

कृष्णाबाईंना इतका आनंद झाला की तीन कोळंब्या सालासकट सोललेल्यांत गेल्या. त्या बाजूला काढताना नातेला म्हणाली, "वरीसभर करायचं. मंग अनुभवाचा दाखला मिलतो. तो दिला का शेट इंजिनेर करनार. नायतर दुसरी कंपनी पन घेईल. मुंबईत, पुन्याला, कुटं पन."

"दाखला शेट देनार?"

"नाय. पत्रात लिवलंय. खात्याच्या साहेबानं द्यायचा. काम कसा केला तो लिवून, खाली सही करून."

"खात्याचा साहेब कोन?"

"तुमी."

कृष्णाबाईंचे हात थांबले. मुंबई, पुणे आणि कुठेही, ही सगळी गावं त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. मग त्यांनी कोळंबीचं ताट स्वतःकडे ओढलं आणि पहिल्यांदाच साहेबासारख्या आवाजात म्हणाल्या, "बगू. काम बगून देईन."